बाजार नागपूरला, कचेरी भोपाळला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी घरोघरी गणपती बसतात. हा आठवडा आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या छोट्या दुकानदारांचा, मूर्तिकारांचा, फरसाणवाल्यांचा, शिंप्यांचा. वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा याच दिवसांत हाती येतो. आणि याच दिवसांत पेठेत दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, "माल महागला, पण गिऱ्हाईक जुनाच भाव मागते." दुसरे, "सरकारने काही तरी केले पाहिजे."

ही दोन्ही वाक्ये आजची नाहीत. आमच्या आजोबा-पणजोबांनीही ती म्हटली होती आणि सरकारने त्यांना वेळोवेळी उत्तरेही दिली होती. कधी ती उत्तरे नागपूरहून आली, कधी दिल्लीहून, पुढे भोपाळहून. कोणत्या उत्तराने धंदा तगला आणि कोणत्याने फक्त कागद वाढले, याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कापूस, माग, रेचा, दुकान किंवा संत्र्याची बाग यांपैकी काही ना काही होते किंवा आहे. तेव्हा हा इतिहास परका नाही.

घाटाखालची तहसील

सातपुड्याच्या घाटाखाली उतरले की जमीन काळी होते आणि बोली मराठी होते. जुनी सौंसर तहसील ती हीच. पांढुर्णाही तेव्हा तिच्यातच मोडत असे. इंग्रजी अमदानीतल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरांत पांढुर्ण्याची नोंद कापसाची पेठ म्हणून आहे आणि लोधीखेड्याची तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी व सुती कापडासाठी. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा येथे कोष्ट्यांचे माग चालत. लुगडी, धोतरे, उपरणी आठवडी बाजारात विकली जात.

पण एक बदल फार लवकर झाला होता. कोष्टी आता घरच्या चरख्याच्या सुतावर विणत नव्हता. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि हळूहळू आसपासच्या मागांवर गिरणीचे सूत चढले. माग घरातला, मेहनत घरातली, पण सर्वांत मोठा खर्च, म्हणजे सुताचा भाव, गावाबाहेर ठरू लागला. सावकाराकडून किंवा सुताच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत आणायचे आणि विणलेले कापड त्यालाच द्यायचे, अशी रीत पडली. महागाईचा पहिला घाव नेहमी या सुतावर बसे. आजच्या भाषेत बोलायचे तर, कच्च्या मालाचा भाव आपल्या हातात नाही आणि विक्रीचा भावही आपल्या हातात नाही, अशा मधल्या जागी छोटा कारागीर अडकला. हे मधले स्थान पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे.

मागामागे चार आणे

महामंदीच्या काळात सरकारने देशी गिरण्यांना परदेशी मालापासून संरक्षण दिले. परदेशी सुतावर जकात बसली. गिरण्यांना आधार मिळाला, पण सूत विकत घेणाऱ्या विणकराला तेच सूत महाग पडू लागले. म्हणजे एका धंद्याला दिलेली मदत दुसऱ्या धंद्याचा खर्च झाली.

हे सरकारच्याही लक्षात आले. भरपाई म्हणून 1930 च्या दशकाच्या मध्यावर हिंदुस्थान सरकारने हातमागासाठी प्रांतांना अनुदान सुरू केले. सगळ्या प्रांतांत मिळून वर्षाला सुमारे 5 लाख रुपये. वाढत्या खर्चापोटी छोट्या उत्पादकाला सरकारने दिलेल्या मदतीचे हे आपल्याकडचे एक पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल. त्याच सुमारास, 1933 मध्ये, मध्य प्रांताने उद्योगांना कर्ज व साहाय्य देण्याचा स्वतंत्र कायदाही केला.

रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील हातमाग-गिरणी चौकशी समितीने 1942 मध्ये अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे 20 लाख हातमाग असल्याचा अंदाज केला होता. ढोबळ भागाकार केला तर मागामागे वर्षाला चार आणे. तेही विणकराच्या हाती नव्हे, सहकारी संस्था, विक्री भांडार, नमुने, पगार या वाटेने. मदतीचा हेतू खरा होता, पण तिचे माप खर्चाच्या मापाशी जुळत नव्हते.

कंट्रोलचे दिवस

दुसऱ्या महायुद्धात ही विसंगती उघडी पडली. लष्करासाठी कापड जाऊ लागले, सुताचे भाव भडकले. 1943 मध्ये कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. भाव सरकारने ठरवले, ठाणांवर भाव छापले गेले, वाटप परवान्याने सुरू झाले. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला अजूनही 'कंट्रोल' म्हणतात, तो शब्द याच काळाने दिला.

कंट्रोलची एक बाजू चांगली होती. जो विणकर सोसायटीचा सभासद होता त्याला ठरल्या भावाने सूत मिळण्याचा हक्क निर्माण झाला. हे कर्ज नव्हते. खर्चच खाली आणण्याचा तो प्रयत्न होता. दुसरी बाजूही सर्वांना ठाऊक आहे. माल तोकडा असला की ठरलेला भाव कागदावर राहतो आणि खरा भाव मागच्या दाराने ठरतो. ज्याचे नाव सोसायटीच्या वहीत नव्हते त्याला काळ्या बाजाराशिवाय गती नव्हती. तेव्हापासून आमच्या छोट्या धंद्यांनी एक धडा घेतला: सरकारी मदतीचा पहिला मुक्काम म्हणजे नोंद. वहीत नाव नाही, तर मदत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम अधिक नेटाने झाले. 1952 मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. 1953 मध्ये संसदेने कायदा करून गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै जादा कर बसवला आणि तो पैसा खादी-हातमागाकडे वळवला. मोठ्याकडून घेऊन लहानाला देण्याची ही सरळ व्यवस्था होती. 1955 मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीचा अहवाल आला. तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रय गोपाळ कर्वे. छोट्या धंद्यातला रोजगार आहे तो टिकवणे, कारागिराला अचानक उघड्यावर न टाकणे, ही त्या अहवालामागची काळजी होती. लघुउद्योगांविषयीच्या पुढच्या अनेक धोरणांचा पाया या मराठी माणसाच्या हातून घातला गेला, हे आमच्या पिढीला फारसे ठाऊक नसते.

नकाशावरची रेघ

आणि मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला.

तोवर आमची राजधानी नागपूर होती. सौंसरहून सकाळी निघालेला माणूस उद्योग खात्यात अर्ज देऊन, इतवारीत सूत किंवा भांड्यांचा पत्रा खरेदी करून रात्री घरी परतू शकत असे. 1950 च्या कायद्याने राज्याच्या राजभाषा हिंदी आणि मराठी अशा दोन होत्या. अर्ज मराठीत चालत असे.

राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळ झाली, आणि 1957 च्या राजभाषा कायद्यानंतर कारभाराची भाषा हिंदी झाली. आम्ही या रेघेबद्दल सहसा भाषेच्या, शाळेच्या, नात्यागोत्याच्या अंगाने बोलतो. धंद्याच्या अंगाने फार कमी बोललो. पण छोट्या धंद्यावर तिचा परिणाम सरळ होता. माल घ्यायचा नागपूरहून, विकायचा बहुतांशी नागपूरकडे, आणि मदत मागायची भोपाळकडे. नागपूर आम्हांला शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, भोपाळ अडीचशेच्या पलीकडे. महागाई एका राज्यातून येऊ लागली आणि मदत दुसऱ्या राज्यातून.

उदाहरणे पाहा. 1971 मध्ये नागपुरात महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ उभे राहिले. त्याने विदर्भातल्या कोष्ट्यांना सूत पुरवले, मजुरी दिली, कापड विकत घेतले. सौंसर-लोधीखेड्याचा विणकर त्याच जातीचा, त्याच हाताचा, त्याच बाजाराचा. पण रेघेच्या अलीकडचा. त्याच्यासाठी मध्य प्रदेशाची वेगळी यंत्रणा, वेगळी भांडारे. सौंसरच्या सुती कापडाचे नाव आजही मध्य प्रदेशाच्या हातमाग केंद्रांत चंदेरी, महेश्वर यांच्यासोबत घेतले जाते, हा मान खरा आहे. पण चंदेरी-महेश्वरच्या साडीला शहरातले श्रीमंत गिऱ्हाईक मिळाले. आमची लुगडी रोजच्या वापराची, कामकरी बायांची. सुताचा वाढलेला भाव त्या गिऱ्हाइकावर टाकता येत नव्हता. यंत्रमागाचे स्वस्त कापड आल्यावर माग एकामागून एक थांबले. लोधीखेड्याच्या भांड्यांचेही तसेच. तांब्या-पितळेचा भाव चढत गेला आणि स्टील स्वस्त झाले.

रेघेचा फायदाही झाला

रेघेने नेहमी नुकसानच केले असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. 1972 च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिथल्या शेतकऱ्याला कापूस सरकारी यंत्रणेलाच देणे बंधनकारक झाले. ज्या वर्षी खुल्या बाजाराचा भाव योजनेच्या भावापेक्षा वर असे, त्या वर्षी महाराष्ट्राचा कापूस रातोरात सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांतल्या बाजारांत येई. योजनेचा भाव वर असला की ओघ उलटा. 2002 नंतर तिकडे खाजगी व्यापाऱ्यांना मुभा मिळाली आणि हा खेळ ओसरला. पण तीस वर्षे सीमेलगतच्या जिनिंग, अडत, हमाली, ट्रक यांना या फरकाने काम दिले. पोलिसांचा आणि कायद्याचा धाकही होताच. ही काही धोरणाने दिलेली मदत नव्हती. पण छोट्या धंद्याचे पोट कधी कधी योजनेवर भरत नाही, दोन योजनांमधल्या फटीवर भरते, हे तिने दाखवले.

दुसरी गोष्ट जकातीची. 1976 मध्ये मध्य प्रदेशाने नगरपालिकांची जकात उठवून प्रवेशकर आणला. कर पूर्ण गेला नाही, पण गावाच्या वेशीवर गाडी थांबवून प्रत्येक पोते मोजणे संपले. हातगाडीवाला आणि खेड्यातून माल आणणारा किरकोळ दुकानदार यांचा वेळ वाचला. वेळ हाही खर्चच असतो, आणि लहान माणसाला तो जास्त लागतो, कारण त्याचा माल आणणारा, विकणारा आणि हिशेब ठेवणारा एकच असतो.

कर्जाचे युग

1978 मध्ये देशभर जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. मदत एका छताखाली मिळावी, दहा दारे फिरावी लागू नयेत, ही कल्पना. आमचे केंद्र छिंदवाड्याला. तेव्हापासून मदतीचे मुख्य रूप कर्ज हेच राहिले. 1990 मध्ये सिडबी आली, 2000 मध्ये तारणाशिवाय कर्जासाठी हमी निधी, 2015 मध्ये मुद्रा योजना, 2020 च्या टाळेबंदीनंतर आपत्कालीन पतहमी आणि फेरीवाल्यांसाठी तेव्हा 10,000 रुपयांपासून सुरू होणारी स्वनिधी योजना. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये उद्यम क्रांती योजनेत व्याजावर 3 टक्के अनुदान दिले. यांतल्या अनेक योजनांनी आमच्याच गल्ल्यांतली दुकाने उभी केली आहेत. त्यांना कमी लेखणे कृतघ्नपणा होईल.

तरी एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा एखाद्या फरसाणवाल्याला वर्षाला 5 लाखांचे तेल, बेसन आणि गॅस लागतो. भाव दहा टक्क्यांनी वाढले तर त्याचा खर्च 50,000 रुपयांनी वाढला. त्याच्याकडे 2 लाखांचे कर्ज आहे आणि व्याजावर 3 टक्के सूट आहे, तर वर्षाला जास्तीत जास्त 6,000 रुपये वाचले. उरलेले 44,000 कोठून आणायचे? नवे कर्ज काढून. म्हणजे महागाई मिटली नाही, पुढच्या वर्षाच्या हप्त्यात जाऊन बसली. यंत्र घ्यायला, दुकान वाढवायला कर्ज उत्तम. पण रोजच्या मालाच्या वाढत्या भावावर कर्ज हे औषध नव्हे.

ज्या उपायांनी खर्चच कमी झाला ते मोजके आहेत, आणि त्यांची आठवण ठेवण्यासारखी आहे. गिरण्यांनी आपल्या सुताचा ठरावीक भाग हातमागाला चालणाऱ्या लड्यांच्या रूपातच बांधावा, हे बंधन सरकारने घातले. तो वाटा पूर्वी निम्मा होता, पुढे कमी होत गेला. 1992 पासून सूत गिरणीच्या दरातच विणकरापर्यंत पोहोचवण्याची व वाहतूक खर्च सरकारने सोसण्याची योजना आली. अलीकडे तिच्यातच सुती लडीवर 15 टक्के सूट मिळते. 2006 च्या कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत देणे मोठ्या खरेदीदारावर बंधनकारक झाले. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके उठले आणि 1 जुलै 2024 पासून मध्य प्रदेशाने परिवहन नाकेही बंद केले. सीमेवरच्या गावाला या शेवटच्या दोन गोष्टींचे मोल भोपाळ-इंदूरच्या व्यापाऱ्यापेक्षा अधिक. कारण आमचा निम्मा व्यवहार रेघ ओलांडूनच होतो.

संत्र्याची गोष्ट

आजचे सर्वांत ताजे उदाहरण संत्र्याचे. पांढुर्णा-सौंसरचा संत्रा आणि रेघेपलीकडच्या वरूड-काटोलचा संत्रा एकाच मातीतला. दोन्ही 'नागपुरी'च म्हणून विकले जातात आणि दोघांचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने 2019 पासून आयातशुल्क वाढवत नेले. किलोमागे 20 टक्यांच्या आसपास असलेले शुल्क 2023 मध्ये 88 टक्यांवर पोहोचले. भाव बागेत पडले, पण त्यासोबत बाग ठोक्यात घेणारे, तोडणी करणाऱ्या बाया, कॅरेट भरणारे, ट्रकवाले या सगळ्यांची कमाई खाली आली. 2023 च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने आपल्या राज्यातल्या संत्र्याच्या निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले. ते त्यांचे कर्तव्यच होते. पण 1971 मध्ये जे विणकराचे झाले तेच आता बागवानासमोर आले: संकट दोघांवर एकच, मदत मात्र रेघ पाहून.

आता कचेरी जवळ आली आहे

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर त्यात आहे. म्हणजे 1956 मध्ये लांब गेलेली कचेरी पहिल्यांदाच काही पावले आमच्याकडे सरकली आहे. नव्या जिल्ह्याकडून आम्ही काय मागावे, हे ठरवायला शंभर वर्षांचा हा हिशेब उपयोगी पडेल.

आमच्या मते तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. पहिली, कर्जाच्या बरोबरीने खर्च कमी करणारी मदत: छोट्या कारखान्याला परवडणारी वीज, संत्र्यासाठी गावातच प्रतवारी व शीतगृह, उरलेल्या मागांना वेळेवर सूत. दुसरी, दोन्ही राज्यांच्या शेजारी जिल्ह्यांनी एका पिकावर, एका कारागिरीवर एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत. एकाच मातीच्या संत्र्याला दोन नशिबे नकोत. तिसरी, मराठीतून समजावून सांगणारा माणूस. फॉर्म हिंदीत असो, हरकत नाही. आमची मुले उत्तम हिंदी जाणतात. पण सत्तर वर्षांची भाजीवाली मावशी आणि मागावर बसलेले काका यांना आपला हक्क आपल्या बोलीत कळला पाहिजे.

या तिसऱ्या कामासाठी सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपी, कुंभार, चांभार, न्हावी, हार बनवणारे आहेत, विणकर नाहीत. त्यांच्या योजना वेगळ्या खात्यात आहेत. इतकी साधी माहितीही पुष्कळांपर्यंत पोचत नाही आणि लोक चुकीच्या खिडकीसमोर उभे राहून दिवस घालवतात. आपल्या मंडळांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आयुष्य काढलेले आहेत, कर-सल्लागार आहेत. उत्सवाच्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी आरतीनंतर तासभर मांडवात एक टेबल टाकता येईल. ज्याची उद्योगाची नोंदणी नाही त्याची करून द्यायची, ज्याचे पैसे मोठ्या खरेदीदाराकडे अडकले आहेत त्याला 45 दिवसांचा कायदा समजावायचा, विणकराला सुताच्या सुटीचा अर्ज भरून द्यायचा. 1943 मध्ये सोसायटीच्या वहीत ज्यांचे नाव नव्हते ते मागे राहिले. पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत आपल्या ओळखीतल्या प्रत्येक छोट्या धंदेवाल्याचे नाव त्याच्या हक्काच्या वहीत लागलेले असावे, एवढे काम आपल्याला जमण्यासारखे आहे.